न्यूट्रलवर किती?

म्हसकरकाकांनी माझ्या पुतणीच्या लग्नात बसलेली पंगत उठवली होती. भांडण नव्हतं, मानपान नव्हतं. बारवी धरणाकडचे आमचे पाहुणे, सगळे भातशेती करणारे, ताटाला न्याय देणारे लोक, एका रांगेत बसले होते. उरलेल्या दोन रांगांत आमच्या कात्रपच्या सोसायटीतले डाएटवाले. काका हात वर करून ओरडले, "थांबा! सगळा लोड रेडवर टाकलाय. वाढपी जळेल!" आणि त्यांनी पाहुण्यांना तिन्ही रांगांत वाटून बसवलं. नवऱ्या मुलाच्या मामांनाही सोडलं नाही. गंमत म्हणजे पंगत लवकर आटोपली.

काका आमच्याच इमारतीत राहतात आणि कारखान्यांच्या विजेचं नियोजन करतात. कोणतं मशीन कोणत्या तारेवर, केबल किती जाड, पॅनल कुठल्या भिंतीला, हे सगळं. "अंबरनाथच्या निम्म्या शेडना उजेड मी दिलाय," असं ते सांगतात, तेही कोणी न विचारता. खिशाला लाल, पिवळं आणि निळं पेन असतं. चौथं काळं पेन मात्र कोणी मागितलं तरी देत नाहीत. "तो न्यूट्रल आहे," म्हणतात.

मी अंबरनाथला शाळेच्या गणवेशांचं शिलाई युनिट टाकायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याकडेच गेलो. मशीनची यादी पुढे केली, तर त्यांनी ती बाजूला सारली.

"भूक सांगा यांची. चालताना किती खातात आणि उठताना किती?"

मोटर सुरू होताना कितीतरी जास्त वीज ओढते, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी तीन रेघा मारून समजावलं. वीज तीन तारांतून येते, लाल, पिवळी, निळी; एकेक तार म्हणजे एक फेज. तिघींवर भार सारखा असला की चौथी तार, न्यूट्रल, निवांत. एकीवर जास्त झाला की फरक चौथीच्या डोक्यावर.

"न्यूट्रल म्हणजे घरातली बाई, समजलं?"

आतून काकूंचा आवाज आला, "एवढं समजतंय ना? मग दळण घेऊन या." काका निमूटपणे पिशवी घेऊन निघाले.

काकू त्याच पावसाळ्यात गेल्या. तापाचं निमित्त झालं. काही दिवस काका दिसले नाहीत, आणि मग एकदम टेस्टर खिशाला लावून शेडवर हजर झाले. "काम थांबवायचं नाही," एवढंच बोलले.

त्यांनी शिलाईच्या तीन रांगा केल्या, प्रत्येक रांगेला एक फेज. भिंतीवर लाल, पिवळा, निळा पट्टा मारला. इस्त्रीची टेबलं तिन्हींत वाटली. उल्हासनगरचा तारेचा व्यापारी फोनवर म्हणाला, "साईं, इतनी मोटी केबल? फॅक्टरी है या रेल्वे स्टेशन?" काकांनी फोन ठेवला. "याचा एक फेज गेलाय," मला म्हणाले.

युनिट सुरू झालं तसं नवीनच खूळ निघालं. चार वाजताच्या चहानंतर सगळ्या बायका एकदम मशीन चालू करत, तो झटका काकांना सोसेना. त्यांनी फर्मान काढलं, "चहा तीन फेजमध्ये!" आधी लाल रांग, मग पिवळी, मग निळी.

हेंद्रेपाड्याच्या वनिताबाई आमच्या सुपरवायझर. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काका, मी लालमध्ये, माझी जाऊ निळीत. आम्ही बोलायचं कधी?"

"घरी बोला."

"घरी आम्ही बोलत नाय. म्हणून तर हितं चहाला बोलतो."

काकांनी जावेला लाल रांगेत आणलं आणि बदल्यात एक मशीन निळीत सरकवलं. एवढी माघार त्यांनी आयुष्यात घेतली नसेल.

मग ते रोज चारला येऊ लागले. न्यूट्रलला मीटर लावायचा, आकडा मोठ्याने सांगायचा. बायकाही विचारायच्या, "काका, न्यूट्रलवर किती?" पॅनलवरचा आकडा वाचायला त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. मग प्रत्येक रांगेबरोबर एक कप चहा. एकाच रांगेत प्यायलं तर पार्शालिटी होते म्हणे.

आणि एक दिवस आकडा जवळजवळ शून्यावर आला. काकांनी मीटर पिशवीत घातला.

"झालं. माझं काम संपलं."

"मग नुसते चहाला या," मी म्हणालो.

"काम नसताना मी कोणाच्या दारात उभा राहत नाही. तत्त्व आहे." त्या दिवशीचा चहाही न घेता गेले.

आठवडाभराने वनिताबाईंनी मला विचारलं, "शेठ, काका आता चार वाजता काय करतात?"

मला माहीत होतं. आमच्या इमारतीच्या मीटररूमच्या पायरीवर बसतात. विचारलं तर म्हणतात, मीटरचा आवाज ऐकतोय. काकूंशिवाय त्या घरात चार वाजणं त्यांना सहन होत नव्हतं. मला फार वाईट वाटायचं, पण तत्त्ववाल्या माणसाला चहाला आणायचं कसं? वनिताबाईंनी ऐकून घेतलं आणि कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच धावत आल्या. "शेठ, काकांना फोन लावा. न्यूट्रल वाढलाय!"

काका रिक्षा करून आले. पिवळ्या रांगेतल्या इस्त्रीची पिन कोणीतरी लाल रांगेच्या सॉकेटमध्ये खोचली होती. "कोणी केलं हे?" सगळ्या बायका माना खाली घालून शिवत होत्या. काकांनी पिन जागेवर लावली, बडबड केली, तीन कप चहा घेतला. त्यानंतर अधूनमधून एखादी पिन चुकू लागली आणि दर वेळी काका आम्हाला शिस्तीवर भाषण देऊ लागले.

परवा असंच सगळं आटोपल्यावर वनिताबाई म्हणाल्या, "काका, उद्यापासून मी चार दिवस नाय. भावाकडं लगीन हाय." काका "बरं" म्हणाले. बायका घरी गेल्या. मी काचेच्या केबिनमध्ये दिवा न लावता बसलो होतो. काकांना वाटलं, शेडमध्ये कोणी नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पिवळ्या रांगेतली पिन उपसली आणि हळूच लालमध्ये खोचली. मग पिशवी उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला. "काका, न्यूट्रल वाढलाय."

"वाटलंच होतं मला," ते म्हणाले. "लक्ष नाही तुमचं. निघालोच."