चांदणी मिटवा

सुपडूनानांना चहा हवा असला की ते टपरीवाल्याला खिडकीतून ओरडून सांगायचे, "एक चहा. चांदणी, साखर कमी, चांदणी मिटव!"

नवा माणूस असला तर तो भांबावून आमच्या ऑफिसच्या खिडकीकडे बघत राहायचा. मिटवायचं काय, हेच त्याला कळायचं नाही. मग मला खाली जाऊन समजवावं लागायचं की नानांना साखर खरोखरच कमी हवी आहे, एवढाच याचा अर्थ.

ऑफिस म्हणजे जळगावात एका पाईपच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. ठिबक सिंचनाची तेव्हा इकडे धूम होती आणि आमचे मालक विजयभाऊ यांच्या डोक्यात आलं की शेताची मापं भरली की नळ्यांचा नकाशा काढून देणारा प्रोग्रॅम करायचा आणि तो ठिबकच्या विक्रेत्यांना द्यायचा. प्रोग्रॅम मी केला. त्याचं माहितीपुस्तकही मीच लिहिलं. ते वाचून सावद्याच्या एका विक्रेत्यानं फोन केला, "साहेब, पुस्तक राहू द्या, तुम्हीच या." तेव्हा पुस्तक नव्यानं लिहायला विजयभाऊंनी नानांना आणलं.

नाना मूळ धुळ्याचे. तीस वर्षं तिथल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत उभे राहिलेले कंपोझिटर. ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले आणि नाना जळगावात मेहरूणला एका खोलीत भाड्यानं राहायला आले. बोलणं घरचं, अहिराणी. लिहिणं मात्र इतकं शुद्ध की पोटफोड्या ष सुद्धा त्यांच्यापुढे नीट उभा राहायचा. कॉम्प्युटर त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी की-बोर्डकडे बघून ते म्हणाले, "खिळा तोच शे, फक्त उचलना नही पडत."

त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात कामाला लावलं. म्हणे, लेखकानं अक्षर ठळक करत बसायचं नसतं, फक्त खूण करायची असते. छापखान्यात शब्दाखाली एक रेघ म्हणजे तिरपा खिळा, दोन रेघा म्हणजे जाड. इथे दोन रेघा मारायला जागा नाही, तर आठच्या अंकावर ती चांदणी बसली आहे ती घ्या. शब्दाच्या आधी एक, नंतर एक. मधलं ठळक. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ दिली तर तो यादीतला मुद्दा. ओळीखाली बरोबरच्या खुणा ओढल्या तर ते प्रकरणाचं नाव. बस, एवढंच. मी त्यांच्यासाठी दोन दिवसांत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो नानांची साधी फाईल वाचायचा आणि खुणांप्रमाणे प्रिंटरला हुकूम सोडायचा. त्याला अक्कल बेताचीच होती. चांदणी दिसली की ठळक सुरू, पुढची दिसली की बंद, त्यापुढची दिसली की पुन्हा सुरू. मी त्यावर खूष होतो. नानांनी मात्र लगेच त्यातली गोम ओळखली.

"एखादी मिटवायची राहिली तर?"

"तर नाना, पुढचं सगळं उलटं होईल."

तेव्हापासून नानांची झोप उडाली असावी. माणूस मुळातच एका जागी न ठरणारा. तीस वर्षं उभं राहून काम केलेलं, त्यामुळे खुर्चीच्या अर्ध्या कडेवर बसायचे, दोन ओळी टाईप करायचे आणि उठायचे. उठले की काहीतरी मिटवून यायचे. बरणीचं झाकण, खिडकीची कडी, माझ्या पेनाचं टोपण, एकदा तर चालत्या मीटिंगमध्ये विजयभाऊंच्या बॅगेची चेन. "उघडलं? मग मिटवा," हे दिवसातून वीस वेळा. अंगणातला नळ त्यांचा खास वैरी होता. त्याचा वायसर गेलेला होता आणि टपटप ऐकू आली की नाना वाक्य अर्धवट टाकून जिना उतरायचे. मी पंचविशीतला, आधीच उतावळा, आणि समोर हा माणूस सारखा ये-जा करणारा. माझं डोकं उठायचं.

चांदण्यांच्या बाबतीत ते पक्के कंजूष. पानाला एक, फार तर दोन. मी म्हणायचो, नाना, ही ओळ महत्त्वाची आहे, ठळक करा. ते चष्म्यावरून बघायचे. "बठ्ठं ठळक कयं, मंग ठळक काय ऱ्हायनं?" माणसंही ते याच मापानं मोजायचे. विजयभाऊ बठ्ठं, म्हणजे सगळंच, ठळक बोलतात. मी म्हणे तिरप्या अक्षरात बोलतो, म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. आणि पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्यांनी अभिमानानं लिहिलं होतं: घाई असेल त्याने फक्त ठळक मजकूर वाचावा.

ही चांदणी बोलण्यात कशी शिरली ते त्यांनीच एकदा सांगितलं. बायको लवकर गेली. मुलगी शोभा शाळा सुटली की थेट छापखान्यात यायची. स्टुलावर बसून ती मूळ कागद मोठ्यानं वाचायची आणि नाना हातातलं मुद्रित ताडून बघायचे. वाचणाऱ्यानं खुणासुद्धा वाचायच्या असतात. स्वल्पविराम, कंस उघडा, कंस मिटवा. तळटिपेच्या चांदण्या तिला फार आवडायच्या. "चांदणी मिटवा नाना," असं ती ओरडायची आणि सगळा छापखाना हसायचा.

हीच शोभा चार वर्षांपूर्वी सुरतेला गेली होती. तिथल्या कापडगिरणीत कामाला असलेल्या एका मुलाशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. नानांनी तिला एक पोस्टकार्ड टाकलं. त्यावर दोनच शब्द होते: विषय मिटला. तिचं उत्तर आलं नाही आणि यायला त्यात जागाही ठेवलेली नव्हती. हे सांगून नाना उठले आणि खिडकीची मिटलेलीच कडी पुन्हा मिटवून आले.

ते तिला आता पत्र लिहितायत हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यांना वाटायचं की कुणाला माहीत नाही. दुपारी आम्ही डबे उघडले की नाना कॉम्प्युटरवर बसायचे. चार ओळी टाईप करायचे, पुसायचे, पुन्हा टाईप करायचे, आणि आम्ही हात धुऊन येण्याआत सगळं पुसून मोकळे. चार महिने हेच. मी एकदा म्हटलं, "नाना, वेगळी फाईल करा की. रोज पुसायला नको."

"फाईलला नाव द्यावं लागतं," नाना म्हणाले. "काय नाव देऊ?"

म्हणून ते पुस्तकाच्याच फाईलमध्ये, ठिबकच्या नळ्या तपासण्याच्या प्रकरणाखाली जी अर्धी जागा मोकळी होती, तिथे लिहायचे.

पुढे झालं ते माझ्या घाईनं. यावलच्या चौधरींना पुस्तक दुसऱ्या दिवशी हवं होतं आणि विजयभाऊ सकाळपासून माझ्या मानगुटीवर बसले होते. दुपारी नाना की-बोर्डवर होते. खाली नळ टपटपायला लागला. नाना उठले. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, पडद्यावर काय आहे ते बघितलंसुद्धा नाही, फाईल साठवून बंद केली आणि प्रिंटर सुरू केला. नाना नळाला चिंधी बांधून वर आले तेव्हा दहावं पान निघत होतं. त्यांना वाटलं त्यांचं लिहिलेलं न साठवताच गेलं आणि मी कालची प्रत छापतोय. मला वाटलं मी फार काम करतोय. प्रिंटर बराच वेळ करकरत होता. शेवटी शेवटी रिबन फिकट पडायला लागली याचंही मला आश्चर्य वाटलं नाही. एक प्रत ऑफिसात राहिली, दुसरी संध्याकाळच्या एसटीनं यावलला गेली.

चौथ्या दिवशी चौधरींचा फोन आला. तो विजयभाऊंनी घेतला. त्यांचा चेहरा बघून मी माझा चेहरा पडद्यामागे नेला.

झालं होतं असं. एकतिसाव्या पानापर्यंत सगळं ठीक. तिथे एक चांदणी उघडली होती आणि मिटवली नव्हती. पुढच्या सगळ्या पानांवर उलट कारभार. "पुढील पान पाहा" ठळक. "आपला विश्वासू" ठळक. आणि जिथे नानांनी मोजून मापून चांदण्या दिल्या होत्या, ते बारीक. चौधरी घाईचा माणूस. पहिल्या पानावरच्या सूचनेप्रमाणे त्यांनी फक्त ठळक वाचलं. "नवा नकाशा करण्याआधी जुना फ्लॉपीवर साठवा" हे वाक्य बारीक होतं. तीन शेतांची मापं, ऊन खाऊन फीत ओढत घेतलेली, पुसली गेली.

"अन भाऊ," चौधरी फोनवर म्हणत होते. विजयभाऊंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "ते मापांचं जाऊ द्या, आमी पुन्हा घेऊ. मले फक्त एक सांगा, पान एकतीसवरची ही शोभा कोनतं बटन दाबलं म्हंजे येती?"

मी ऑफिसची प्रत काढली. एकतिसाव्या पानावर, "नळीचे तोंड स्वच्छ करून पुन्हा बसवावे" या ओळीखाली, जाड अक्षरात तीन ओळी होत्या.

शोभा, मनी चूक व्हयनी.
घर तुनंच शे.
तू कव्हय येशी

चूक कबूल केली होती, कधी येशील असं विचारलं होतं, पण शेवटी प्रश्नचिन्हही नव्हतं. तिथेच नळ वाजला असावा. नानांनी लिहिलेली अहिराणी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

विजयभाऊ नेहमीसारखे ठळक बोलले. तीस वर्षं छापखान्यात काय केलं, उद्यापासून येऊ नका, वगैरे. नाना भिंतीशी उभे होते आणि मान खाली घालून ऐकत होते. ही चूक माझी नाही असं म्हणायला त्यांच्याकडे चांगली जागा होती. ते म्हणाले नाहीत. मला फार लाज वाटली. मी उभा राहून सांगितलं की फाईल मी त्यांच्या हातातून ओढून घेतली होती, न बघता छापली होती, काढायचं तर मला काढा. मला काढलं तर प्रोग्रॅम कोण बघणार, हा हिशेब विजयभाऊंना चटकन जमला. शेवटी ते एकतिसावं पान हातात घेऊन पुन्हा वाचत बसले, आणि जाता जाता नानांना हळूच म्हणाले, "नाना, तो नळ दुरुस्त करून घेऊ." बारीक अक्षरात बोललेले विजयभाऊ मी तेव्हा प्रथमच ऐकले.

"पाठवून द्या," मी नानांना म्हटलं. "आहे तसंच."

"अपुरं शे. चांदणी उघडी शे."

"मग मिटवा."

नाना एकदम चिडले. "एकदा मिटवलं ना मी! दोन शब्दांत मिटवलं. ते मिटवणं नव्हतं रे, ते दार लावणं होतं." आणि मग, "मले आते नही मिटाडता येत. ती जे म्हनी ते खरं."

त्यांनी ते पान कडेच्या भोकांच्या पट्ट्यांसकट तसंच घेतलं. नवी प्रत काढू दिली नाही. पुन्हा टाईप करायला बसलो तर पुन्हा पुसत बसेन, म्हणाले. ठळक अक्षरांपुढे, जिथे प्रोग्रॅमनं चांदणी गिळली होती, तिथे पेननं एक चांदणी काढली. शेवटी काढली नाही. पाकिटामागे ऑफिसचा पत्ता घातला, ते घेऊन पोस्टापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या वेळी मी बरोबर गेलो. त्यांनी पाकीट टाकलं आणि पेटीचं झाकण नीट मिटलं का ते दोनदा वाकून बघितलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नाना बसेचनात. पोस्टमन यायच्या वेळेला जिन्यात, गेल्यावर खिडकीत. एका दुपारी माझ्या शर्टाचं वरचं बटण त्यांनी स्वतः लावलं. टपरीवाल्याला चहा सांगताना चांदणी म्हणायचे आणि मिटव म्हणायचं विसरायचे. टपरीवाल्यानं काळजीनं मला विचारलं, "नानांची तब्येत बरी आहे ना?"

बाराव्या की तेराव्या दिवशी पाकीट आलं. सुरतेचा शिक्का. नानांनी ते माझ्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं."

आत दुसरा कागद नव्हता. आमचंच एकतिसावं पान परत आलं होतं. लाल पेन्सिलीनं तपासलेलं. "नळ्या" मधला ळ्या फिकट उमटला होता, त्याला गोल करून कडेला खूण. "बसवावे" नंतर माझ्या प्रिंटरनं सोडलेली जास्तीची जागा, ती जोडून घेतलेली. छापखान्यातल्या स्टुलावरची मुलगी काही विसरली नव्हती. खालच्या तीन ओळींत तिनं एकाही शब्दाला हात लावला नव्हता. फक्त शेवटच्या ओळीपुढे लिहिलं होतं.

मी वाचलं, "तू कव्हय येशी. प्रश्नचिन्ह. शुक्रवारी, दुपारना गाडीवर. संगे नातू शे. पूर्णविराम."

"पुढे?" नाना म्हणाले.

"चांदणी मिटवा, नाना."

लाल चांदणी होती. पाच पाकळ्यांची, लहान मुलं काढतात तशी.

नानांनी कागद घेतला, चष्मा पुसला, बोट ठेवून तीन ओळी पुन्हा वाचल्या. चांदणीवर बोट थांबलं. "तिनी मिटाडी," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. अर्ध्या कडेवर नाही, पाठ टेकून, पाय पसरून बसले.

खाली नळ टपटपायला लागला. विजयभाऊंनी अजून वायसर बदलला नव्हता. मी वाट बघितली. नाना उठले नाहीत. मग मीच जिना उतरलो आणि नळ मिटवून आलो.