घुबडाचा मुखवटा घातलेल्या पोरीची हकीकत

श्री. ज्याच्या कृपेने अंधारात पाय नीट पडतो आणि गेलेले माणूस घरी परतते, त्या देवास आधी नमस्कार, मग वाचणारांस. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, फाल्गुन वद्य पंचमी, ते दिवशी दिवेलागणीस जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहिले असे.

राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य लहान, नदीकाठी कसबा, कसब्यावर किल्ला, आणि गादीवर बाळराजे पाळण्यातले, म्हणोन कारभार त्यांच्या मातोश्री आईसाहेब पाहात होत्या. त्या कसब्यात चाल ऐसी की रंगपंचमीचे सायंकाळी पोरांनी कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून सोंगे घ्यावी, कोणी वाघ, कोणी राक्षस, कोणी अस्वल, आणि घरोघर जाऊन दार वाजवून "सोंग आले दारी, खाऊ घाला" म्हणावे, आणि घरधनिणीने भ्याल्यासारखे करून साखरेच्या गाठी, गूळखोबरे, भाजके हरभरे झोळीत घालावे. पोरे वर्षभर या सांजेची वाट पाहात. परंतु त्या वर्षी पलीकडच्या परगण्यातून वार्ता आली की पोरे पळवणारी टोळी उठली आहे, बाजारातून, पाणवठ्यावरून, प्रत्यक्ष अंगणातून पोरे उचलून खाडीच्या वाटेने बंदरावर नेऊन विकितात. हे ऐकोन कसब्यात बायांनी पोरांस परसात देखील एकटे सोडणे बंद केले, आणि कारभारी यांणी आईसाहेबांस अर्ज केला की यंदा सोंगे मना करावी.

आईसाहेबांनी कसब्याच्या चौकीचे नाईक दावजी यांस बोलाविले आणि त्यांचे मत पुशिले. दावजी नाईक उंच, धिप्पाड, लढायांतून निभावलेले, परंतु त्यांस तुळजा नावाची एकच कन्या, आठ वर्षांची, तिच्या आधीची भावंडे पाळण्यातच गेलेली, त्यामुळे तिच्याविशी त्यांचे मन सदा धास्तावलेले असे, आणि खरे पाहता सोंगे मना व्हावी हेच त्यांच्या पोटात होते. परंतु तुळजेने महिनाभर खपून वाघाचा मुखवटा रंगविला होता, तो त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांणी इतकेच म्हटले की हुकूम होईल तैसे करू. तेव्हां आईसाहेब बोलिल्या, "नाईक, आज पोरांस दार वाजवू नका म्हणावे, तर उद्या शेजारी शेजाऱ्यास दार उघडणार नाही. सोंगे निघू द्या. मात्र गेले तितके पोर घरी आले पाहिजे, ते तुम्हांकडे."

मग नाईक यांणी दवंडी पिटविली. एकट्या पोराने निघू नये, आळीआळीचा मेळा करून जावे, प्रत्येक मेळ्यासंगे घरचा जाणता माणूस मशाल घेऊन असावा. पाठीवर पांढरे फडके बांधावे म्हणजे अंधारात दिसेल. उंबऱ्याच्या आत पाऊल घालू नये, मग घर मामाचे का असेना. दार उघडताच मुखवटा वर करून आपण कोणाचे ते सांगावे. आणि मिळाला खाऊ झोळीत ठेवावा, घरी आईने पाहिल्याखेरीज तोंडात घालू नये. पोरांस हे शेवटचे फार जड गेले. नाईक यांणी तुळजेस समोर बसवून सगळे पुन्हा म्हणवून घेतले, आणि ती कंटाळून म्हणाली की आबा, मला येते, तरी आणिक एकदा म्हणविले.

पंचमीची सांज जाहली. चंद्र उशीरा उगवायचा, म्हणोन सूर्य बुडताच काळोख दाटला, आणि आळ्यांतून मशाली हालू लागल्या, ढोल वाजू लागले, आणि मुखवट्यांची तोंडे उजेडात येत आणि पुन्हा काळोखात जात. नाईक गस्तीस फिरत होते. दरसाल हीच सोंगे पाहून ते हसत, परंतु त्या दिवशी त्यांस प्रत्येक मुखवट्याखाली कोण आहे हा घोर लागला. कोणी थोराड पोर अस्वल होऊन आडवे आले की त्यांचा हात तलवारीवर जाई, आणि मग आतून ओळखीचा आवाज आला की त्यांस आपलीच लाज वाटे. तुळजा कासारआळीच्या मेळ्यात होती आणि त्या मेळ्याची मशाल तिचे मामा मल्हारजी यांजकडे होती. नाईक दोन वेळा वळणे घेऊन त्याच आळीस आले, लांबून वाघाचा मुखवटा पाहिला आणि पुढे गेले.

तिसऱ्यांदा आले तो मल्हारजी हौदापाशी पोरांस रांगेत उभी करून मोजीत होते, आणि त्यांचे तोंड उतरलेले. नाईक यांणी पुशिले, काय जाहले? मल्हारजी हळूच बोलिले, "दाजी, निघालो तेव्हां नऊ होती. आता दहा भरतात."

एक पोर कमी भरते तर नाईक यांणी तत्काळ आरोळी दिली असती, परंतु एक अधिक भरले हे ऐकोन त्यांच्या अंगावर काटा आला. रांगेच्या टोकास घुबडाचा मुखवटा घातलेले एक पोर होते, त्याच्या पाठीस पांढरे फडके होते खरे, परंतु ते नवे नव्हते, कोठून तरी फाडून बांधलेले. नाईक यांणी सर्वांस मुखवटे वर करा म्हटले. इतक्यात मागून ढोलाचा मोठा मेळा नाचत आला आणि चौकात शिरला, पोरे इकडची तिकडे जाहली, मशाल विझता विझता राहिली, आणि मेळा निघून गेल्यावर पुन्हा मोजिले तो पोरे आठ. घुबड नव्हते आणि वाघही नव्हता.

 मग नाईक यांणी गुडघ्यावर बसून पोरांस विचारिले, आवाज चढू दिला नाही, कारण पोरे भ्याली तर बोलणार नाहीत. तेव्हां कासाराची धाकटी रडत म्हणाली की घुबड म्हणत होते, नदीच्या घाटापाशी आमराईत थोर यात्रेकरूंचा तळ आहे, ते ओंजळी भरभरून गाठी देतात, तू येतेस का, मी नाही म्हटले, मग त्याने तुळजेस विचारिले. नाईक यांणी मल्हारजींस सांगितले की ही पोरे समोरच्या घरी पोहोचवा, चार माणसे घेऊन मागून या, आणि ढोल वाजवू नका, आरोळी देऊ नका, घाटास नाव लागली असेल तर ते लोक आवाज ऐकताच ती लोटून निघतील. आणि आपण एकटेच धावले.

वेशीबाहेर आमराईत उजेडाचा कण नव्हता. नाईक यांणी मशाल घेतली नव्हती. पायांखाली सुकी पाने वाजत आणि प्रत्येक आवाजास त्यांस वाटे की आपणच आपल्या पोरीचा घात करीत आहो. रणात त्यांस भय वाटले नव्हते ऐसे नाही, परंतु ते भय आपल्या एका जिवाचे होते, आणि हे पोरीच्या जिवाचे होते. मनात एकच फिरत होते, की मना करा म्हणोन एक शब्द मी बोललो असतो तर.

तो पुढे वाटेवर पांढरे काही हालले. दोन लहान आकृती हात धरून कसब्याकडे येत होत्या, पळत नव्हत्या, भरभर चालत होत्या. नाईक यांणी हळूच हाक मारिली, "तुळजे." वाघाचा मुखवटा हातात धरलेली तुळजा येऊन त्यांस बिलगली. घुबड मात्र लांबच उभे राहिले. तुळजेने सांगितले की वाटेत मी हिला विचारिले, तू मुखवटा वर करून सांगितले नाहीस, तू कोणाची? तर ही काही बोलेना. मी पुन्हा विचारिले, तुझ्या आईचे नाव काय? तर ही वाटेतच बसली आणि रडू लागली, आणि मग म्हणाली, परत जा, धावू नको, धावलीस तर ते धावतील. मी म्हटले तूही चल.

घुबडाने मुखवटा काढिला. आत तुळजेच्याच वयाची मुलगी, गाल बसलेले, केस कापलेले. ती नाईक यांजकडे न पाहता बोलिली, "मागून येत आहेत."

आणि खरेच झाडांतून कंदील घेऊन एक गृहस्थ आला. वस्त्रे यात्रेकरूची, गळा माळांनी भरलेला, बोलणे गोड. त्याने रामराम केला आणि म्हटले की आमची मैना सोंगे पाहायला गेली आणि चुकली, आई वाट पाहाते आहे, द्या, घेऊन जातो. नाईक यांणी पाहिले की त्याच्या पाठीमागे आणिक एक इसम झाडाआड उभा आहे. आपण एकटे, दोन पोरी पाठीशी, आणि अंतर ऐसे की तलवार उपसली तर एकास अडवू, दुसरा पोरीवर येईल. म्हणोन त्यांणी तलवारीस हात लावला नाही. रामराम घेतला, आणि यात्रा कोणती, मुक्काम कोठला, बैल किती, घाटाचे पाणी उतरले की काय, ऐसे शिळोप्याचे बोलणे काढिले, आणि कान सगळे कसब्याच्या वाटेकडे ठेविले. गृहस्थ हसून उत्तरे देई आणि दर उत्तरास एक पाऊल पुढे येई. घुबडाच्या पोरीने नाईक यांच्या अंगरख्याचा पदर मुठीत धरिला होता, त्याचा ताण त्यांस जाणवत होता. शेवटी गृहस्थ हसेनासा जाहला आणि म्हणाला, "नाईक, पोर माझी आहे."

"असेल," नाईक बोलिले, "तर ती तुमच्यामागे का दडत नाही?"

तेव्हां त्याने कंदील टाकिला आणि सुरी काढून झेप घेतली. नाईक आडवे जाहले, सुरी डाव्या खांद्यात शिरली, तरी त्यांणी त्याचा हात सोडिला नाही, आणि दोघे पानांत कोसळले. तुळजेने दुसऱ्या पोरीस झाडापाशी ओढून आपल्या पाठीमागे घातले. इतक्यात मल्हारजी माणसांसह आले. तो गृहस्थ धरला गेला, आणि घाटावर नावेत बसलेली त्यांची एक बाई धरली गेली. झाडाआडच्या इसमाने नदीत उडी घेतली; पुष्कळ शोधिला, जिता अथवा मेला कोणासही मिळाला नाही. नावेत गोणपाटाखाली दोन बाळे सापडली, साखरेच्या गाठींत गुंगीचे औषध घालून निजविलेली, एक तर त्याच सांजेस कुंभारआळीतून उचललेले, आणि त्याच्या आईस ते गेल्याचा पत्ताही नव्हता. मिळाला खाऊ वाटेत खाऊ नये म्हटले होते, ते पोर लहान, त्याने खाल्ला.

पुढे दोन्ही बाळे घरी पोहोचली. परंतु घुबडाच्या पोरीस आपले गाव सांगता येईना. टोळीने तिला उचलून दोन वर्षे जाहली होती, आणि पोरे भुलवून आणण्यासाठी तिला न विकता आपल्यापाशी ठेविली होती. नाव विचारिले तर मैना म्हणे, आणि मग म्हणे की ते नाव त्यांणी ठेविले. नाईक यांणी तिला आपल्या घरी ठेविली. तुळजेच्या शेजारी तिचे अंथरूण घातले तरी ती दाराकडे तोंड करून निजे. आईसाहेबांनी परगण्यापरगण्यांत वर्तमान पाठविले, आणि ज्यांची पोरे गेली होती ते लोक येऊ लागले. ते ओसरीवर येत, पोरीच्या तोंडाकडे पाहात, आणि आपली नव्हे हे दिसताच कोणी मुकाट्याने परत जाई, कोणी पायरीवरच बसे. नाईक यांस ते पाहवत नसे, आणि तरी ते प्रत्येकाजवळ बसत.

मग एके दिवशी साऊबाई नामे एक बाई पलीकडल्या परगण्यातून पायी आली आणि पोरीस पाहताच खाली बसली आणि म्हणाली, "साळू." पोरीने ना होय म्हटले ना नाही. बाईने पाठीवरला डाग सांगितला, तो निघाला. परंतु नाईक यांच्या मनाने घेतले की डाग टोळीवाल्यांसही ठाऊक असणार, एक इसम अजून मोकळा आहे, ही बाई त्याने पाठविली नसेल कशावरून? त्यांणी पोरीस एकीकडे नेऊन विचारिले, ही तुझी आई काय? ती म्हणाली, "ठाऊक नाही, आबा." तुळजेचे ऐकोन ती आबा म्हणू लागली होती. नाईक यांणी आईसाहेबांस सांगितले की मला धीर होत नाही. आईसाहेब बोलिल्या की साऊबाई तीन दिवस पायी आली, तिला तुमच्या भयासाठी रिकामी कैसी पाठवावी? मग नाईक यांणी पोर दिली, आणि खांदा बरा नव्हता म्हणोन मल्हारजींस त्यांच्या मागे, दिसणार नाही ऐसे, पाठविले.

मल्हारजी येईपर्यंत नाईक घासास शिवले तर शिवले, निजले तर निजले. चौकीवर बसून वाटेकडे पाहात. तुळजा येऊन विचारी, आली का बातमी, आणि ते नाही म्हणत. शेवटी मल्हारजी आले, धुळीने माखलेले, आणि पाणी पिऊन सांगू लागले. सारी वाट पोर बाईच्या मागे मागे चालली, हात धरू देत नव्हती. गावाची वेस आली तेव्हां साऊबाई थकून दगडावर टेकली. पोर थांबली, इकडे तिकडे पाहिले, आणि आपणच पुढे जाहली. कोणी वाट दाखविली नाही. विहीर टाकून डावीकडे वळली, दोन घरे सोडिली, तिसऱ्या घराचे दार न वाजवता लोटले आणि आत गेली.

नाईक यांणी हे सर्व ऐकिले. मग तेथेच चौकीच्या भिंतीस टेकून त्यांस झोप लागली, ती दुसरे दिवशी ऊन तोंडावर आले तेव्हां मोडली.

येणेप्रमाणे त्या सालची रंगपंचमी जाहली. धरलेल्या दोघांस किल्ल्यावर ठेविले, नदीतला इसम सापडला नाही, कासारआळीच्या मेळ्यातील सर्व पोरे सुखरूप. सोंगे पुढील सालीही निघाली, आणि आईसाहेबांनी साखरेची पहिली गाठ आपल्या हाते वाढिली. लिहिणाराने ऐकिले ते लिहिले. अधिक ठाऊक नाही. कल्याण असो.