कायम मोकळा

प्राचार्यांनी प्रश्न विचारला आणि खोलीतले सारे आवाज जणू चपला घालून बाहेर निघून गेले. छताचा पंखा तेवढा काहीतरी पुटपुटत होता, पण त्याच्याही बोलण्यात दम नव्हता.

टेबलावर फलकावरून उतरवलेली एक पितळी पट्टी ठेवली होती. तिच्यावर कोरले होते: ‘हा फलक कायम मोकळा राहील. – माजी विद्यार्थी संघ.’

“याचा अर्थ काय, एवढंच मला सांगा,” प्राचार्य पुन्हा म्हणाले.

संघाच्या अध्यक्ष वकीलबाई चष्मा पुसू लागल्या. संघाचे कार्यवाह दंतवैद्य होते. ते जिभेने स्वतःचीच दाढ तपासू लागले. मग दोघांनीही माना वळवून वेलांटीकाकांकडे पाहिले. वाक्य त्यांचे होते. दाराशी त्यांची पुतणी उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती.

वेलांटीकाका छापखान्यात मुद्रितशोधक. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ दिसला की त्यांना ठसका लागे, म्हणून हे नाव पडले आणि खरे नाव मागे पडले. ज्या कॉलेजातून ते शिकून गेले तिथेच आता पुतणी शिकत होती, आणि तिथल्या भित्तिपत्रकाची ती संपादक होती. तिने एक छोटे टिपण लावले होते: ‘आपले वाचनालय चार वाजता बंद होते आणि शेवटचा तास साडेचारला सुटतो. मग आतली पुस्तके काय एकमेकांना वाचून दाखवतात?’ मधल्या सुट्टीपर्यंत टिपण गायब झाले. यापुढे प्राचार्यांच्या सहीशिवाय भिंतीवर काहीही लागणार नाही, असा आदेश निघाला.

घरी जेवताना तिने हे सांगितले, तेव्हा काकांचा घास हातातच राहिला.

“त्या कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून आम्ही सरकारं पाडलीत.”

“पडली का?”

“एकही नाही. पण पाडताना आम्हाला कुणी सही मागितली नाही.” काकांनी ताट बाजूला सारले. संतापात त्यांना भूक लागत नसे. ती नंतर लागे, आणि दुप्पट लागे. “माजी विद्यार्थ्याला हजेरी नाही, परीक्षा नाही, नापास होण्याची भीती नाही. आम्ही नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?”

“संघाने फक्त एवढं सांगितलं तरी पुरे, काका, की माझं टिपण परत लावा.”

“तुझ्या टिपणाचा प्रश्न नाही गं हा. तत्त्वाचा प्रश्न आहे. बघच तू, असं वाक्य घडवतो की प्राचार्यांना बोट ठेवायला जागा सापडणार नाही.”

दवाखाना बंद झाल्यावर दंतवैद्यांकडे बैठक भरली. वाचनालयासमोरच्या व्हरांड्यात संघाने स्वतःचा फलक द्यावा, तिथे कुणीही कुणाच्या सहीवाचून काहीही लावावे, असे ठरले. हे ठरायला वेळ लागला, कारण अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर प्रत्येकाला एकट्यालाच बोलायचे होते. समोरच्याच्या तोंडात कापूस भरून मगच संभाषण सुरू करायचे, ही दंतवैद्यांची वर्षानुवर्षांची सवय. मध्येच कुणी उत्तर दिले की ते दचकत. वकीलबाईंनी मसुदा आणला होता. त्यात स्वातंत्र्य पहिल्या ओळीत येऊन गेले होते, आणि मग ‘तथापि’ने सुरू होणारे परिच्छेद पानाच्या तळापर्यंत उतरले होते.

काकांनी लाल पेनाने सगळे ‘तथापि’ कापून काढले.

“मग ‘मुक्त फलक’ म्हणू या का?” दंतवैद्यांनी विचारले.

“मुक्त नको. त्या शब्दाला भाषणाचा वास येतो. मोकळा. मोकळं आकाश, मोकळा श्वास, मोकळं मन. हा शब्द उच्चारला तरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं.”

पुतणीला तरुण पिढीची प्रतिनिधी म्हणून बोलावले होते. ती म्हणाली, “पण काका, मोकळा म्हणजे रिकामासुद्धा होतो ना? मोकळी खुर्ची. मोकळा डबा.”

“मध्ये बोलू नकोस,” काका म्हणाले. “इथे तुझ्या बोलण्याच्या हक्कावर गंभीर चर्चा चालली आहे.”

फलक लागला त्या दिवशी प्राचार्यांनी पट्टी एकदा वाचली, मग पुन्हा वाचली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेले. “इतकं नेमकं वाक्य बऱ्याच दिवसांत वाचलं नाही,” ते म्हणाले. काका विरघळले. इतकी वर्षे लोकांच्या वाक्यांवर हात फिरवण्यात गेली होती. स्वतःचे वाक्य धातूत कोरलेले ते पहिल्यांदाच पाहत होते. शत्रूने दाद दिली तर ती दुपटीने खरी वाटते, हे त्यांचे दुर्दैव.

दुसऱ्या दिवशी पुतणीने टिपण फलकावर लावले. काका मुद्दाम रजा काढून ते पाहायला आले, तर शिपाई टाचण्या काढून डबीत टाकत होता.

“हे काय चाललंय?”

“फलक मोकळा करतोय.”

“अहो, तो मोकळाच आहे.”

“आता आहे. मघाशी त्यावर कागद होता.”

“कागद लावण्यासाठीच तर तो मोकळा आहे.”

शिपायाने फलकाकडे पाहिले, मग पट्टीकडे. “कागद लावल्यावर मोकळा कसा राहील, साहेब?”

काका तडक वकीलबाईंकडे गेले. संध्याकाळपर्यंत संघ पेटून उठला, आणि दुसऱ्या सकाळी प्रत्येक सभासदाने फलकावर आपापला निषेध टाचला. दंतवैद्यांनी घाईत दवाखान्याचेच कागद वापरले, त्यामुळे त्यांच्या निषेधाखाली ‘कवळ्या बसवून मिळतील’ असे छापलेले राहिले. त्या फलकावरचा तेवढाच मजकूर लोकांनी थांबून वाचला. दुपारी फलक पुन्हा कोरा होता, सशाच्या डोळ्यांसारखा निष्पाप.

आणि शिक्षा झाली ती पुतणीला. कारण पहिला कागद तिचा होता. प्राचार्यांची नोटीस निघाली: फलकावर मजकूर लावून तिने देणगीदारांच्या स्पष्ट इच्छेचा भंग केला आहे. तरी तिने माजी विद्यार्थी संघाची लेखी माफी मागावी, अन्यथा भित्तिपत्रकाचे संपादकपद सोडावे.

“माफी तुमचीच मागायची आहे,” ती घरी म्हणाली. “मायना काय घालू? तीर्थरूप काका?”

काकांचा संताप आता घरात मावेना. आमचेच वाक्य, आमचेच पितळ, आणि आमच्याच पोरीच्या तोंडावर दाबून धरता? ते दोघा पदाधिकाऱ्यांना घेऊन, पुतणीला मागे घेऊन, प्राचार्यांच्या खोलीत शिरले. तिथे तो प्रश्न आला, आणि त्यामागून ती शांतता.

“माझी अडचण समजून घ्या,” प्राचार्य मऊ आवाजात म्हणाले. “देणगीदारांचा शब्द मी मोडू शकत नाही. पण शब्दच चुकला असेल तर गोष्ट वेगळी. तसं तुम्ही म्हणा. मी पट्टी बदलून घेतो. मग हिचा दोषच उरत नाही.”

पुतणी एक पाऊल पुढे आली. “सर, तो शब्द–”

“तू थांब,” वकीलबाई, दंतवैद्य आणि काका एकदमच म्हणाले. “आम्ही बोलतोय ना तुझ्या बाजूने.”

ती थांबली. सारे काकांकडे पाहू लागले. काकांनी तोंड उघडले. ‘चुकला’ हा शब्द त्यांनी जन्मभर इतरांच्या समासांत लिहिला होता, लाल शाईने, न थरथरता. आता तो स्वतःच्या वाक्यासमोर लिहायची वेळ आली होती. त्यांना मोकळे आकाश आठवले, मोकळा श्वास आठवला. छापखान्यातली तोंडे आठवली, जी हे ऐकून आठवडाभर मिटणार नव्हती.

“शब्द अचूक आहे,” काका म्हणाले. “लावणाऱ्यांनी अर्थ चुकीचा लावला.”

“म्हणजे शब्द बदलायचा नाही?”

“वेलांटीसुद्धा नाही.”

“झालं तर मग.” प्राचार्यांनी पट्टी उचलली, बाहीने पुसली आणि शिपायाला हाक मारली. “ही पुन्हा जागेवर बसव. आणि मुलगी माफी मागणार नसेल, तर संपादकाची जागाही तूर्त मोकळी ठेवू. तुमच्याच शब्दांत सांगायचं तर.”

वकीलबाईंना कोर्टाची आठवण झाली आणि दंतवैद्यांना कुणाची तरी दाढ आठवली. व्हरांड्यात काका आणि पुतणी तेवढे उरले. समोर शिपाई पट्टीचे स्क्रू आवळत होता.

“ही सरळसरळ गळचेपी आहे,” काका म्हणाले. “सोडायचं नाही आपण. याच्या शेजारी दुसरी पट्टी लावू. मजकूर माझ्याकडे लागला. या खेपेला असा शब्द घालतो की...”

ते थबकले. पुतणी कोऱ्या फलकाकडे पाहत होती.

“अगं, बोल की. तुझं काय म्हणणं आहे?”

या साऱ्या प्रकरणात हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होते. तिने काकांकडे पाहिले, पिशवी खांद्यावर घेतली, आणि उत्तराची जागा मोकळी ठेवून ती चालू लागली.