कॅप्टन कडकडाट चार दिवस हवेत आहेत

समस्त रहिवाशांना कळवण्यात येते की, बी विंगमधील कॅप्टन कडकडाट हे सोमवारी सकाळी पाण्याच्या टाकीवरून खाली पडले असून आज गुरुवार उजाडला तरी ते अद्याप जमिनीवर पोचलेले नाहीत. परिस्थिती नाजूक आहे. सबब, ते पूर्णपणे आपटेपर्यंत सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात कुणीही मिक्सर लावू नये, खिळे ठोकू नयेत व दोरीवरच्या उड्या मारू नयेत. आज्ञेवरून, य. ल. गंगावणे, फ्लॅट ३०२.

ही सूचना आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या फळ्यावर लागली तेव्हा दोन नव्या भाडेकरूंनी घाबरून गच्चीकडे पाहिलं. बाकीच्यांनी घड्याळाकडे. सेक्रेटरी मात्र संतापले. "सोसायटीच्या फळ्यावर आज्ञा फक्त माझी!" म्हणत ते कागद फाडायला धावले. पण गंगावण्यांनी तो कागद दातांना लावायच्या सिमेंटने चिकटवला होता. कागद गेला नाही, सेक्रेटरींचं नख गेलं.

गंगावणे म्हणजे कवळ्या करणारे. पस्तीस वर्षं त्यांनी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्या यांच्यात काढली. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, गुडघ्यांबद्दल बोलतात. गंगावण्यांनी भंगारातली मोडकी खेळणी गोळा केली, त्यांच्या हातापायांत दातांची तार घातली आणि लहान मुलांसाठी सिनेमा काढायला घेतला. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की एक सेकंद होतो. मग बाहुला आपला आपणच चालल्यासारखा दिसतो, आणि गंगावण्यांची पाठ आपली आपणच धरते.

त्यांच्या मालिकेत तीन महावीर आहेत. कॅप्टन कडकडाटांना उडता येतं, पण दुसऱ्या मजल्याच्या वर गेलं की चक्कर येते. वादळबाई फुंकर मारून झाडं पाडतात, पण समोर टेबलफॅन असला तर स्वतःच उडून जातात. आणि अदृश्य अण्णा. अण्णा अदृश्य होतात, त्यांच्या चपला होत नाहीत. तिघे मिळून रोज जग वाचवायला निघतात आणि रोज कशावर तरी अडखळून पडतात. दात मात्र तिघांचेही बत्तीसच्या बत्तीस. इतकी सुंदर दंतपंक्ती जगातल्या कुठल्याही महावीराला नसेल. प्रत्येक अक्षरासाठी वेगळं तोंड. "आ"चं वेगळं, "ओ"चं वेगळं, "म"चं मिटलेलं. सगळी तोंडं कवळीच्या डब्यांत, वर चिठ्ठी. एकदा आमच्या मिसेसनी साखर मागायला जाऊन चुकीचा डबा उघडला. त्यानंतर त्या दोन दिवस चहा बिनसाखरेचा प्यायल्या.

मी त्यांच्या थेट खाली, २०२ मध्ये राहतो. तरुणपणी एकांकिका स्पर्धांत मी गाजलेला नट होतो, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. निदान मी त्यांना आठवण करून दिल्यावर तरी सांगतात. त्यामुळे कॅप्टन कडकडाटांचा आवाज माझा. पहिल्या दिवशी मी छाती भरून गर्जना केली, "थांब, दुष्टा!" गंगावण्यांनी कानातलं यंत्र काढलं.

"कारखानीस, जरा चावून बघा."

"काय चावून बघू?"

"शब्द. तुम्ही गिळताय. 'थांब' हा शब्द पुढच्या दातांनी तोडायचा असतो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पस्तीस वर्षं प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडात नवी कवळी बसवून ते म्हणत आले, "आधी चावून बघा, मग बोला." आता ते सगळ्यांनाच म्हणतात. भाजीवाल्याने भाव सांगितला, "चावून बघ." सेक्रेटरींनी नोटीस दिली, "चावून बघा." सेक्रेटरींना स्वतःची कवळी आहे आणि ती गंगावण्यांनीच केलेली आहे, त्यामुळे ते पुढे काही बोलत नाहीत.

चित्रीकरण चालतं ते त्यांच्या बाहेरच्या खोलीत. खिडक्यांना काळे कागद, कारण ढग सरकला तरी चित्रात उजेड लुकलुकतो. एकच दिवा. टेबलावर खोक्यांचं मुलुंड, त्यात रिक्षा, टाक्या, डोंगर. खालून आमचा मिक्सर लागला की या मुलुंडला भूकंप होतो. त्या गुरुवारी मिसेसनी चटणी वाटलीच. वरून हाक आली, "कारखानीस! कॅप्टन फिरले!"

मी वर धावलो. तारेला लटकलेले कॅप्टन गोल गोल फिरत होते. आतल्या खोलीतून शालनवहिनींचा आवाज आला, "अहो, किती दिवस टांगणार त्या बिचाऱ्याला? उतरवा, त्यालाही भूक लागली असेल."

"तू गप. अजून दीड सेकंद राहिलाय."

"म्हणजे रविवार उजाडणार! कारखानीस भाऊजी, चटणी कशाची होती?"

"खोबऱ्याची."

"मग माफ."

वहिनी आतूनच बोलत. गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. गंगावणे खाली टाळे-किल्लीवाल्याकडे गेले होते, कुणाच्या तरी खेळण्याची किल्ली करून घ्यायला. ते येईपर्यंत वहिनी पाऊण तास फरशीवर, बादलीकडे बघत. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. धीर काही जुळला नाही. त्या पलंग, खुर्ची, पलंग एवढंच करत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्या म्हणायच्या, पडण्याची भीती घालवायची तर जमिनीवरून उठायला शिकलं पाहिजे. पण उठायचं तर आधी जमिनीवर जायला हवं. वहिनी म्हणायच्या, "मी एकदा जाऊन आलेय तिथे. परत जाणार नाही." शेवटी त्या बाई यायच्या थांबल्या. जाताना टप्प्याटप्प्याच्या चित्रांचा एक कागद ठेवून गेल्या, तो कपाटाला चिकटवलेला होता.

आता मुख्य प्रसंग. अंधेरीच्या एका कंपनीला आमची मालिका आवडली. मुलांच्या वाहिनीवर दाखवणार होते! मी त्या दिवशी दोन वेळा दाढी केली. आम्ही दोघं गेलो. गंगावण्यांनी कॅप्टनना कवळीच्या डब्यात घालून आणलं होतं. वर चिठ्ठी, "खालची कवळी".

काचेच्या खोलीत रिद्धिमा नावाची एक हुशार मुलगी होती. सगळे भाग बघून हसून हसून तिचे डोळे ओले झालेले. "अंकल, सॉरी, सर, एकदम झकास! हे टेबलफॅनवालं तर वेड आहे. फक्त एक छोटासा इश्यू आहे ना."

"सांगा."

"पहिल्या सहा भागांत कॅप्टन पडतो आणि लगेच कट. पुढच्या सीनमध्ये उभा. सुपर. पण सातव्यापासून तो पडल्यावर उठतो. म्हणजे पूर्ण उठतो, यार. आधी कुशीवर होतो, मग कोपर टेकतो, मग दोन तळवे, मग गुडघे, मग रांगत खुर्चीपर्यंत, मग चांगला पाय पुढे, मग उभा. अख्खं मिनिट! मुलं चॅनल बदलतील. तेवढं कापू या. शुक्रवारपर्यंत कापून पाठवा, पुढच्या महिन्यात ऑन एअर."

मी लगेच "हो" म्हणालो. माझा आवाज घराघरांत जाणार होता. गंगावण्यांनी डबा उघडला, कॅप्टनना काढून त्या गुळगुळीत टेबलावर उताणं झोपवलं.

"कट," ते म्हणाले.

रिद्धिमा बघत राहिली. "काय, सर?"

"कट केलंत ना तुम्ही? मग उठला का हा?"

"सर, पण ते मोशन—"

"नाही उठला. पडलेला कुणी कट केल्यावर उठत नाही. पडायला याला आठवडा लागला, तो तुम्हाला चालला. उठायला अकरा दिवस लागलेत मला. प्रत्येक बोट मी हलवलंय. ते मुलांना दिसलं पाहिजे."

"सर, हे कॉमेडी आहे."

"मग हसा. मी कुठे रडायला सांगितलंय?"

"पण सातव्या भागापासूनच का? काय झालं एवढं?"

गंगावण्यांनी डब्याचं झाकण लावलं. "माझी कारागिरी सुधारली," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी त्यांना काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. हट्टी, कर्मदरिद्री, कवळीछाप, असे शब्द वापरले. पुढच्या दातांनी तोडून. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "कारखानीस, आज उच्चार चांगले आहेत."

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. रिद्धिमाचा नंबर मी घेतलेला होता. मी तिला कळवून टाकलं, काळजी करू नका, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी त्यांना राजी करतो. दोन दिवस मी भाषण घटवलं. त्यात कलेचं भवितव्य होतं, मराठी मुलांचं भवितव्य होतं, माझं भवितव्य जरा जास्त होतं. मिसेस म्हणाल्या, "त्यांना नाही पटणार. तुमचा आवाज ऐकून मलाही कधी काही पटलेलं नाही." मी दुर्लक्ष केलं.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास मी वर गेलो. दार नुसतं लोटलेलं. मी पहिल्या वाक्यासाठी छाती भरून घेतली, दार ढकललं आणि ती हवा तशीच छातीत राहिली.

खोलीत अंधार. टेबलावरचा दिवा बंद. फक्त टीव्ही चालू होता, त्यावर सातवा भाग थांबवलेला. पडद्यावर कॅप्टन कडकडाट कोपरावर टेकलेले. सगळे बत्तीस दात दाखवत. आणि समोर जमिनीवर, चटईवर, शालनवहिनी.

मला वाटलं पडल्या. मी ओरडणारच होतो. तेवढ्यात दिसलं की त्याही कुशीवर होऊन कोपरावर टेकलेल्या आहेत, अगदी कॅप्टनसारख्या. पदर कमरेला खोचलेला. नजर पडद्यावर. गंगावणे चार हात अंतरावर भिंतीला पाठ लावून बसले होते, हातात रिमोट. त्यांनी एक बटण दाबलं. कॅप्टननी डावा तळवा टेकला. उजवा टेकला. थांबले. मग वहिनींनी डावा टेकला. बराच वेळ गेला. मग उजवा.

कपाटावरचा तो चित्रांचा कागद पडद्याच्या उजेडात मला पहिल्यांदाच नीट दिसला. कूस, कोपर, तळवे, गुडघे, खुर्ची, चांगला पाय. सातव्या भागापासून आमच्या कॅप्टननी प्रत्येक वेळी नेमकं हेच केलं होतं, याच क्रमाने, आणि मी खाली बसून त्याला आवाज देत होतो. "उं... हं... आलो, आलो, घाबरू नका!" दर वेळी तेच वाक्य. मी एकदा विचारलंही होतं, पडल्यावर महावीर प्रेक्षकांना घाबरू नका कशाला सांगेल? ते म्हणाले होते, सांगू दे.

टीव्हीतून आता माझाच आवाज आला. वहिनी थरथरत होत्या. दंड लटपटत होता. मनगट वाकलं. गंगावण्यांच्या हातून रिमोट पडला. पस्तीस वर्षं केसभराचं माप चुकू न देणारा तो माणूस गुडघ्यांवर तसाच धावला, मधल्या स्टुलावर आपटला, आधाराला धरलेला खिडकीचा काळा कागद फाडला, खोलीभर ऊन पसरलं आणि टेबलावरचं अर्धं मुलुंड खाली आलं. पाण्याच्या टाक्या, रिक्षा, नव्या भागासाठी नीट उभे केलेले अण्णा, सगळं. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वहिनींच्या काखेत घातले.

माझ्या खिशात फोन वाजायला लागला. अंधेरीचाच होता. मी तो खिशातच बंद केला.

वहिनींनी मान वर केली. घाम, विस्कटलेले केस, आणि डोळ्यांत असा काही राग की मी दारामागे सरकलो. त्यांनी नवऱ्याचे हात झटकले, खुर्चीकडे बघितलं आणि सगळ्या बी विंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"हात लावाल तर खबरदार! माझा गुडघा यायचाय अजून!"