माग ओढ्यापाशी तुटतो

एका जंगलात एक ओढा होता आणि त्या ओढ्याबद्दल एक नियम होता. नियम असा: गुन्हेगाराचा माग ओढ्यापाशी तुटतो.

का तुटतो, हे विचारायचं नाही.

मुलांनो, पाण्यातून वास पुढे जात नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. चोर पाण्यात शिरला की कुत्र्याचं नाक थांबतं. म्हणजे नियम अगदी शास्त्रशुद्ध होता. फक्त ओढ्यात पाणी नव्हतं. सात वर्षांपासून नव्हतं. पात्रात सरडे ऊन खात पडायचे आणि मधोमध एक बोरीचं झाड उगवून त्याला बोरंसुद्धा धरू लागली होती. तरी माग ओढ्यापाशीच तुटायचा. पाणी आटलं म्हणून नियम आटत नसतो.

त्या जंगलात एक पोलीस चौकी होती. दारावर पाटी होती: ‘आपली सेवा, आमची भूक.’ चौकीचं छप्पर बिबटेसाहेबांनी स्वखुशीनं घालून दिलं होतं. पाण्याचा रांजणही त्यांचाच. बिबटेसाहेब ओढ्याच्या पलीकडे राहायचे. हा निव्वळ योगायोग आहे, तिकडे आत्ता लक्ष देऊ नका. चौकीतही कोणी देत नसे.

ठाणेदार होते तरसराव. त्यांचे मागचे पाय आखूड होते. त्यामुळे ते उभे असले तरी बसल्यासारखेच दिसत. त्यांना बढती ह्याच गुणावर मिळाली होती.

माग काढायचं काम खंडूकाकांकडे होतं. काका म्हणजे म्हातारे रानकुत्रे. एकेकाळी त्यांचं नाक असं होतं, की ह्या वाटेवरून परवा कोण रडत गेलं तेसुद्धा ते सांगत. आता ते फक्त ओढ्यापर्यंत जात आणि परत येत. त्यालाही तीस वर्षांचा अनुभव लागतो.

आणि चौकीत नव्यानं भरती झाली होती त्यांची पुतणी. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. प्रशिक्षणात पहिली आली होती. स्वभावानं मिरची.

पहिल्या दिवशी काकांनी तिला समोर उभं केलं.

“नाक खाली. शेपूट खाली. आणि सांग, माग कुठे तुटतो?”

“जिथे वास संपतो तिथे.”

“ओढ्यापाशी, गाढवे!”

“पण काका, ओढा तर कोरडा ठणठणीत...”

“आमच्या वेळी पाणी होतं.”

“आता नाही ना पण.”

“टिकले, तुझ्या आईला शब्द देऊन तुला चिकटवलंय इथे. चिकटून राहा.”

टिकली चिकटून राहिली. निदान शुक्रवारपर्यंत.

दर शुक्रवारी चौकीत सगळ्यांना एकेक हाड मिळायचं. त्याला ‘मानाचं हाड’ म्हणत. ते कुठून येतं हे विचारायचं नाही. हा काही वेगळा नियम नव्हता, पहिल्याच नियमाचं शेपूट होतं. पहिल्या शुक्रवारी टिकलीलाही हाड मिळालं. आणि मुलांनो, तिनं ते खाल्लं. गोष्टीतली नायिका झाली म्हणून काय झालं, भूक लागतेच. अर्धं खाल्लं, अर्धं चौकीमागे पुरून ठेवलं आणि आईला निरोप धाडला, की साहेब फार मायाळू आहेत.

त्याच आठवड्यात, सोमवारी, एक भेकर नाहीसं झालं होतं. काकांनी माग काढला. माग तुटला. कुठे, ते तुम्हीच सांगा. मग तरसरावांनी एका साळिंदराला धरलं. साळिंदरच का? कारण पंचनामा सोपा जातो. अंगझडतीत हत्यारं हमखास मिळतात. ‘आरोपीच्या अंगावर असंख्य काटे मिळून आले. इतके काटे कशासाठी बाळगले, याचा समाधानकारक खुलासा तो करू शकला नाही.’ झालं. त्या साळिंदराला डोहातल्या मगरीच्या हवाली केलं आणि गुन्ह्याची उकल झाली म्हणून चौकीत पेढे वाटले.

महिनाभरानं एक हरिणी चौकीत आली. तिचं पाडस हरवलं होतं. चार दिवसांचं.

“वर्णन सांगा,” तरसराव म्हणाले.

“अंगावर ठिपके आहेत.”

“ठिपके सगळ्यांनाच असतात हो बाई. काही खास खूण?”

हरिणी म्हणाली, “डाव्या कानाला दूध लागलं होतं. चाटून पुसायचं राहून गेलं माझं.”

तरसरावांनी माकड कारकुनाला ‘खास खूण नाही’ असं लिहून घ्यायला सांगितलं.

त्या दिवशी काकांचे गुडघे दुखत होते. ते टिकलीला म्हणाले, “जा, तूच जाऊन ये ओढ्यापर्यंत. पाय मोकळे होतील.”

टिकली निघाली. दुधाचा वास तिला पहिल्याच वळणावर मिळाला. दुधाच्या जोडीनं दुसरा एक वास होता, भारी, मांसाहारी, सणावारी लावतात तसल्या अत्तराखाली दडवलेला. दोन्ही वास हातात हात घालून ओढ्याकडे गेले होते. टिकली काठावर थांबली.

इथे माग तुटायला हवा होता. तिनं नाक खाली घातलं. माग तुटला नव्हता. रस्त्यासारखा सरळ पलीकडे गेला होता.

तिनं मागे पाहिलं. कोणी नव्हतं. मग तिनं एक पाय पात्रात टाकला. एक सरडा दचकून उठला. पोलिसाचा पाय इथे पडायची त्याला सवय नव्हती. टिकली बोरीच्या झाडाला वळसा घालून पलीकडे गेली. पाय कोरडेच राहिले.

पलीकडे अर्जुनाचं झाड होतं. फांदीवर ठिपक्यांचं एक लहानसं कातडं वाळत घातलं होतं. डाव्या कानाला अजून दुधाचा वास होता.

झाडाखाली हाडांचे नीट वाटे लावून ठेवले होते. एक मोठा, तरसरावांचा. एक कोवळ्या हाडांचा, कारण काकांचे दात पडायला आले होते. आणि एक लहान वाटा, त्यावर ओळखीसाठी चुन्याचा पांढरा ठिपका काढलेला.

बाजूला जुनी हाडं पडली होती. त्यात एक भेकराची कवटी होती. टिकलीनं ती हुंगली आणि तिला तो वास ओळखता आला. महिनाभर तो तिच्या दातांत होता.

वरून जांभई ऐकू आली. फांदीवर बिबटेसाहेब पहुडले होते. ते दचकले नाहीत, रागावले नाहीत, शेपूटसुद्धा हलवलं नाही.

“नवीन का तू?” ते म्हणाले. “खंडूची पुतणी ना? नाक त्याच्यावर गेलंय. काकांना नमस्कार सांग हो. शुक्रवारी पाठवतो म्हणावं.”

टिकली परत फिरली. बोरीच्या झाडापाशी तिला उलटी झाली. ओढ्यात सात वर्षांनी तेवढंच काय ते पाणी पडलं.

ती चौकीत पोचेपर्यंत तपास पूर्ण झाला होता. टोच्या साळिंदराला वेलीनं बांधून कोपऱ्यात बसवलं होतं. मागच्या वेळी डोहात गेला तो टोच्याचाच थोरला भाऊ.

“साहेब, मी पाला खातो हो,” टोच्या सांगत होता. “पाला, कंदमुळं. हरणाचं पिल्लू मी करू काय?”

“तेच तर आम्ही शोधतोय,” तरसराव म्हणाले. “हेतू काय होता?”

काका टिकलीला बाहेर घेऊन गेले. त्यांनी तिच्या पायांचा वास घेतला. त्यांचं नाक अजून शाबूत होतं. खरा रोग तोच होता.

“ओलांडलास,” ते म्हणाले.

“हो.”

“पाय ओले झाले?”

“नाही.”

काका बराच वेळ जमीन उकरत राहिले.

“माझेही झाले नव्हते,” ते हळूच म्हणाले.

“म्हणजे तुम्ही गेला होतात? मग? मग काय केलंत?”

“काय करणार? घरात चार पिल्लं होती. आणि शुक्रवार होता.” काकांनी अंग झटकलं आणि ते पुन्हा काका झाले. “उद्या पंचायतीत तीन शब्द बोलायचे. माग ओढ्यापाशी तुटला. अगं, शब्द तरी धड चार आहेत का? तेवढ्यासाठी नोकरी घालवू नकोस.”

“आणि टोच्या?”

“साळिंदरं पुष्कळ आहेत जंगलात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली पंचायत भरली. न्यायाला बसले होते हत्तीआबा. जंगलातले सगळ्यात वडीलधारे. त्यांच्यापुढे उसाची ताजी मोळी होती. ऊस त्या जंगलात फक्त ओढ्यापलीकडे व्हायचा, पण ह्याही योगायोगाकडे लक्ष देऊ नका.

टिकलीचा जबाब माकड कारकुनानं आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. तिनं फक्त पंजा उमटवायचा होता. कारकुनानं तो वाचून दाखवला.

“‘मी मागावर गेले. माग ओढ्यापाशी तुटला. ओढ्याला गुडघाभर पाणी होते.’ उमटव पंजा.”

“कुणाच्या गुडघ्याएवढं?” टिकलीनं विचारलं.

“अं? ते मोकळं सोडलंय.”

“उमटव की गं,” तरसराव म्हणाले. “आबांना उन्हाचा त्रास होतो.”

टिकलीनं पंजा मागे घेतला. “नाही उमटवणार. माग ओढ्यापाशी तुटला नाही.”

मोहाखाली कुजबुज सुरू झाली. “आजकालच्या पोरी!” कोणीतरी म्हणालं. “चार बुकं शिकल्या की ओढे ओलांडतात,” दुसरं कोणी म्हणालं.

हत्तीआबांनी ऊस चघळणं थांबवलं. “पोरी, त्या ओढ्यात मी स्वतः डुंबलोय. माझ्या आजोबांनी डुंबवलं मला. आम्ही काय खोटं बोलतोय?”

“आबा, तुम्ही डुंबलात ते खरं. मग आत्ता चला ना. सगळेच चला. ज्याचे पाय भिजतील, त्यानं टोच्याला डोहात लोटून द्यावं. मी अडवणार नाही.”

कोणीच जागचं हललं नाही. आबांनी उसाकडे पाहिलं. ज्यांनी जन्मभर पाण्याची साक्ष दिली होती, त्या सगळ्यांचे पाय एकदमच दुखायला लागले.

हरिणी मात्र उठली. “माग पुढे कुठे गेला, बाळा?” तिनं विचारलं.

“अर्जुनाच्या झाडापर्यंत. बिबट्याच्या.” टिकलीचा आवाज खाली आला. “कानाला दूध होतं, मावशी. तुम्ही सांगितलंत तसंच.”

हरिणी खाली बसली.

मग तरसरावांनी शेवटचं हत्यार काढलं. मुलांनो, असलं हत्यार मोठी माणसं कायम जवळ ठेवतात आणि त्याचा पंचनामा कधी होत नाही. त्यांनी एक अर्धं हाड टिकलीच्या पुढ्यात टाकलं. मातीनं माखलेलं होतं. चौकीमागून उकरून आणलं होतं.

“हे भेकराचं,” ते गोड आवाजात म्हणाले. “त्याच्यावर दात कुणाचे आहेत, सांगशील का पंचायतीला?”

काकांनी डोळे मिटून घेतले. टोच्यानं मान वर करून टिकलीकडे पाहिलं. त्याचा भाऊ ह्याच भेकरापायी गेला होता.

टिकलीला घाम फुटला असता, पण कुत्र्यांना घाम येत नाही, जीभ बाहेर येते. तिची जीभ बाहेर आली. पळून जावं असं तिला वाटलं. आईला धाडलेला निरोपही आठवला. मग तिनं जीभ आत घेतली.

“माझे,” ती म्हणाली.

“मग? आता गप बसायचं असतं, बाळ. ज्यानं खाल्लं त्यानं भुंकू नये. आम्ही सगळे हेच शिकलो.”

“मी नाही शिकत.” टिकली कारकुनाकडे वळली. “लिहा. ओढ्याला पाणी नाही. बिबट्यानं भेकर मारलं, पाडस मारलं. हाडं चौकीत वाटली. खाणाऱ्यांची नावं लिहा. पहिलं नाव माझं. टिकली, शिपाई. खाल्लं, आवडलं, अर्धं पुरून ठेवलं. सगळं लिहा.”

कारकुनानं लिहिलं. सवयच होती त्याला, सांगितलेलं लिहायची.

टिकलीनं त्या कागदावर पंजा उमटवला. मग ती सगळ्यांकडे वळली. ठाणेदारांकडे. आबांकडे. सगळ्यात शेवटी काकांकडे.

“आता दुसरं नाव सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही वडीलधारे आहात. रांगेत मी पुढे उभी राहिले, माफ करा. दुसरं कुणाचं लिहायचं?”

तरसराव उभे होते की बसले होते, ते कळेना. काका जमीन उकरायचं विसरले. हत्तीआबांनी उसाची मोळी सोंडेनं दूर सारली आणि काही न बोलता टोच्याची वेल सोडली. कोणी हरकत घेतली नाही. एवढ्या मोठ्या पंचायतीत फक्त टोच्याचे काटे थरथरून वाजत होते.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांचा अनुभव नेहमी मानावा. त्यांनी कोरड्या ओढ्यात पाणी आहे म्हटलं, तर वाद घालू नये, पोहून दाखवावं. आणि मोठ्यांनो, भरती करताना उमेदवाराचं नाक तपासत बसू नये, भूक तपासावी. मानाचं हाडही जरा जपून द्यावं. काही पोरींना त्याची चव लक्षात राहते.