पाच पट्टे आणि टर्कीची तंगडी

ड्वेनने ठरवलं होतं एवढंच, की बग्गीचा जुना पट्टा बदलायचा. वाळूच्या टेकड्यांवर पळवायची ही बग्गी त्याने जुन्या मोटारीच्या सांगाड्यावर स्वतः जोडली होती. पण मांडीवरचा तो एकेरी पट्टा इतका विरला होता की त्याने धड विजारही सावरली नसती.

दुकानदाराने पाचपदरी पट्टा दाखवला. दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून.

"पायांमधला कशाला?" ड्वेनने लाजत विचारलं.

"एकदा उलटा व्हा, कळेल."

ड्वेनने उलटं न होताच तसे दोन घेतले. मग दोघांसाठी हेल्मेट, मानेची गादी, आणि बग्गी पलटली तर हात बाहेर जाऊ नयेत म्हणून मनगटाचे पट्टेही घेतले. (एरवी हा माणूस मोजे घेतानाही बायकोला विचारतो.)

थँक्सगिव्हिंगच्या सणाला, आख्खी टर्की भाजायला, सगळं घर टेकड्यांपाशी तंबू ठोकून होतं. सासरा व्हर्जिल तिथे चाळीस वर्षं बग्गी उडवत आलेला. पहिल्या फेरीला त्याची लेक जोलीन, म्हणजे ड्वेनची बायको, बापाच्याच शेजारी बसायची, लग्नानंतरही. यंदा ती आपल्या शेजारी बसावी, एवढीच ड्वेनची इच्छा होती.

व्हर्जिलने पट्टे पाहिले. "पोरा, बग्गी चालवणार आहेस की फाशी घेणार आहेस? आम्ही पट्टे नाही लावले कधी. दात आवळून बसायचो."

"म्हणून चारच उरलेत," जोलीन म्हणाली.

"हसा, पप्पा," ड्वेनचे कान लाल झाले होते. "पण जोलीन माझ्या शेजारी बसणार, आणि बांधूनच बसणार!"

"बरं. मोठ्या टेकडीवर जाऊन ये. परत येईपर्यंत दोघांपैकी कुणीही पट्टा सोडला, तर टर्कीची तंगडी माझी, आणि लेक कायमची माझ्या बग्गीत."

दोघं पट्ट्यात आवळून बसली. आणि माशी शिंकली. पोटावरच्या कडीत अडकवलेले मनगटाचे पट्टे ड्वेनने घरी मापले होते, स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून. इंजिन चालू करायचं बटण मात्र पार डावीकडच्या दांडीवर. हात चार बोटं कमी पडला.

व्हर्जिलने टर्कीवर रस्सा सोडायच्या पळीच्या दांड्याने बटण दाबलं. "वर कोण दाबणार रे?"

"बंद पडू दिली तर ना!"

बग्गी उंच काठीवरचा झेंडा फडकवत सरसर माथ्यावर चढून थांबली. जोलीन आनंदाने ओरडली. ड्वेनला वाटलं, तळावरच्या मंडळींना हात करावा. दोन्ही हात जेमतेम कानापर्यंत गेले, क्लचवरचा पाय मात्र निघाला. इंजिन गप्प.

पोटावरची कडी एका झटक्यात सुटली असती. पण खाली व्हर्जिल दुर्बीण लावून बसला होता.

"सोड ना," जोलीन म्हणाली.

"मेलो तरी नाही!"

"मी सोडते."

"मग तू गेलीस त्यांच्या बग्गीत."

खालून टर्कीचा वास येत होता. जोलीनने आपले पट्टे आणखी आवळले. "मीही त्यांचीच मुलगी आहे. बस."

इतर बग्ग्या झेंडा बघून वळसा घालून जात होत्या. लोक हात करत. ही दोघं कानापाशी बोटं हलवत.

ऊन कललं, तसा व्हर्जिल आपली बग्गी घेऊन वर आला.

"सोड आता, पोरा."

"नाही सोडत!"

"अंधार पडेल."

"पडू दे!"

व्हर्जिलने लेकीकडे पाहिलं. तिनेही नकारार्थी मान हलवली, म्हणजे मानेच्या गादीत जेवढी हलते तेवढी. म्हातारा पुटपुटला, वाकला आणि त्याने बटण दाबलं.

तळावर त्याने तंगडी स्वतः ड्वेनच्या ताटात वाढली. "जिंकलास. पुढच्या वर्षीही ती तुझ्याच शेजारी."

ड्वेनची छाती पट्ट्यांशिवायही ताठ झाली.

थोड्या वेळाने व्हर्जिल म्हणाला, "ते मनगटाचे पट्टे कुठे मिळतात?"

"बघा! म्हटलं नव्हतं?" ड्वेन खुशीत आला. "उद्याच आणून देतो. तुमच्या बग्गीला लागतील ना?"

"नाही. तुझ्या या खुर्चीला," व्हर्जिल म्हणाला. "दुसऱ्या तंगडीवरचा हात काढ."