नीटची ग्यारंटी

हरिओम सरांच्या क्लासची वेबसाइट उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात पालक शेजारच्या क्लासात प्रवेश घेऊन मोकळे होत. लातुरात क्लासेस काही कमी नव्हते. शेवटी सरांनी कहकशांला बोलावलं. जलीलभाई फोटोवाल्यांची ही मुलगी. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या वेबसाइटी तिच्याच हातच्या. ती म्हणाली, टॉपर मुलांचे चारशे फोटो साइटला जड झालेत, ते दुसऱ्या डोमेनवर, म्हणजे दुसऱ्या वेबपत्त्यावर ठेवू. नवीन कशाला घ्यायचं, अब्बूंच्या स्टुडिओचं रिकामंच पडलंय. आणि फोटो तरी त्यांनीच काढलेत ना. सरांनी मान डोलावली. साइट पळायला लागली.

नीटचा निकाल लागला आणि सरांचा फोन मात्र गप्प झाला. आठ दिवस वाट बघून त्यांनी स्वतःच मोबाइलवर 'लातूर नीट टॉपर' शोधून पाहिलं. त्यांची मुलं सगळ्यांत वर, हसत उभी होती. त्यांच्यावर बोट ठेवलं, तर उघडला जलील फोटो स्टुडिओ, खाली जलीलभाईंचा नंबर. क्लासचं नाव पाचव्या पानावरही नव्हतं.

सर तडक जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या स्टुडिओत गेले. तिथं जलीलभाईंसमोर निलंग्याकडचे एक शेतकरी, नागप्पा, मुलीला घेऊन बसले होते. सर म्हणजे आपल्यासारखेच कुणी पालक असं समजून त्यांनी सगळं सांगितलं. पोरीचं नीट येईल का, असं त्यांनी फोनवर विचारलं होतं. तीस वर्षं हेच काम करून राहिलो, नीट न्हाई आलं तर दुसऱ्यांदा फुकट, असं जलीलभाईंचं उत्तर होतं. असे फोन आठवडाभर येत होते, आणि लोकांना एकाएकी फोटोची एवढी काळजी का लागली, हे काही जलीलभाईंना उमगत नव्हतं.

सरांनी घसा खाकरून आपली ओळख दिली. मुलांना शिकवलं ते आपण.

"मग तुमी देता का ग्यारंटी?" नागप्पांनी विचारलं.

बारा वर्षं बायोलॉजी शिकवणारे सर भिंतीवरचे पासपोर्ट फोटोंचे दर वाचू लागले.

"अप्पा, हितं फोटो काढतेत," त्यांची मुलगी दानम्मा हळूच म्हणाली. "शिकवत न्हाईत."

आता कुठं जलीलभाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "नागप्पा, शिकवायचं काम सरांचं. मी पास झाल्यावरचा फोटो काढतो. पोरीला ह्यांच्याकडंच घाला."

"अरे, म्हंजे ते फोटोवाले जलीलभाई तुमीच! तुमी म्हणता तर घालतो. भूकंपानंतर आमच्या अख्ख्या गावाचे मदतीच्या फॉर्मचे फोटो तुमी काढले, कुणाकडून पैसा घेतला न्हाई. तुमचा शब्द म्हंजे झालं."

हे कळल्यावर कहकशांला फार ओशाळल्यासारखं झालं. फोटो क्लासच्याच नावाखाली आणायचं तिनं कबूल केलं, पण सगळी तयारी व्हायला महिना लागला. तोवर जलीलभाई येईल त्या पालकाला वरच्या मजल्यावर सरांकडं पाठवत राहिले. पालकही फार प्रश्न न विचारता फॉर्म भरून देत. क्लासात बाकं कमी पडली.

महिन्यानं कहकशां लॅपटॉप घेऊन आली. "सर, तयार आहे. आता फोटो इकडं वळवू?"

सरांनी बाकांवर दाटीनं बसलेल्या मुलांकडं पाहिलं.

"राहू दे बेटा तिकडंच," ते म्हणाले. "फक्त अब्बूंना एवढं सांग, दुपारी दुकान बंद करून झोपत जाऊ नका म्हणावं."